नोटेच्या पाठीवरचे वाघ, हत्ती आणि गेंडा: वाचकांचे प्रश्न

दहा रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर वाघ, हत्ती आणि गेंडा एकत्र दिसतात. त्या नोटेबद्दल आणि नोटांवरच्या इतर जनावरांबद्दल विदर्भातल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतली निवडक पत्रे येथे घेतली आहेत. एकाच विषयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

आमच्या गावच्या बाजारात वाघ-हत्तीची दहाची नोट कोणी घेत नाही. "ही बंद झाली, चॉकलेटी आण" म्हणतात. खरेच बंद झाली का?
(समुद्रपूर, जि. वर्धा)

बंद झालेली नाही. ही नोट जून १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेत आली. कोणार्कच्या सूर्यमंदिराची चॉकलेटी नोट जानेवारी २०१८ मध्ये आली. नवी नोट आली म्हणून जुनी आपोआप रद्द होत नाही. रद्द करायची असेल तर सरकार तशी अधिसूचना काढते, आणि दहाच्या नोटेबाबत तशी अधिसूचना निघालेली नाही.

घोटाळा कुठून झाला असावा, याचा अंदाज बांधता येतो. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वी छापलेल्या नोटा चलनातून हळूहळू मागे घेत असल्याचे जाहीर केले होते. अशी नोट ओळखणे सोपे आहे. पाठीमागे, खालच्या कडेला, मधोमध छपाईचे वर्ष पाहा. वर्ष असेल तर नोट २००५ किंवा नंतरची, नसेल तर त्याआधीची. मात्र मागे घेणे वेगळे आणि रद्द करणे वेगळे. बँकेत आलेली जुनी नोट पुन्हा बाहेर जात नाही, एवढाच मागे घेण्याचा अर्थ. बिनवर्षाची वाघ-हत्तीची नोटही आज दहा रुपयांचीच आहे. (कोणार्कच्या नोटेवर वर्ष शोधताना मधोमध पाहू नका. नव्या मालिकेत ते पाठीमागे डाव्या बाजूला गेले आहे.)

दोन आणि पाचच्या नोटांचेही असेच आहे. त्यांची नाणी आल्यावर छपाई थांबली, पण हातात असलेली नोट चालते. दुकानदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा नोटा साठवून बँकेच्या शाखेत भरा. नोट नीट असेल तर शाखेने ती नाकारण्याचे कारण नाही.

दहाची जुनी नोट हाताला एकदम गुळगुळीत लागते. शंभरची कशी खरखरीत असते! मग गुळगुळीत ती नकली का?
(मूल, जि. चंद्रपूर)

नाही. जुन्या मालिकेत गांधीजींचे चित्र, रिझर्व्ह बँकेची मोहोर, अशोकस्तंभ, गव्हर्नरची सही यांची उठावाची छपाई वीस आणि त्यापुढच्या नोटांवर आहे. दहाच्या नोटेला ही चाचणी लावून अंगठा घासत बसाल, तर खरी नोटही खोटी ठरवाल.

दहाच्या नोटेवर तीन गोष्टी पाहा. नोट उजेडासमोर धरली की कोऱ्या भागात गांधीजींचा चेहरा दिसला पाहिजे. त्याच्या कडा ठसठशीत नसतात, सावलीसारख्या हलक्या असतात. कागदात दोरा असतो आणि उजेडात तो एकसंध रेघ दिसतो. तिसरी खूण भिंगाखाली दिसते. गांधीजींचे चित्र आणि त्याच्या बाजूची उभी पट्टी यांच्यामध्ये इंग्रजीत आरबीआय ही अक्षरे बारीक छापलेली आहेत. खऱ्या नोटेवर ती वाचता येतात. रंगीत झेरॉक्समध्ये त्यांची ठिपक्यांची धूळ होते.

आमच्या बाबाच्या पेटीत जुन्या नोटा सापडल्या. दोनची वाघाची, पाचची ट्रॅक्टरची, न शंभरची हत्तीची. मोबाइलवर व्हिडिओ पाह्यला, त्यात ट्रॅक्टरच्या नोटेले लाखो रुपये भेटते म्हणे. नंबर लावला त त्यानं नोटेचा फोटो न आधार कार्ड मागतलं. आता नोंदणीचे दीड हजार मागून राह्यला. भरू का नोको?
(दारव्हा, जि. यवतमाळ)

नका भरू. एक रुपयाही नका भरू. आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला असेल तर आजच बँकेला कळवा.

यांची पद्धत ठरलेली असते. आधी नोटेचा फोटो मागवतात आणि "साडेचार लाख मंजूर" असा मेसेज येतो. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे, शिक्का मारलेले पत्र किंवा ओळखपत्र येते. पहिली मागणी हजार-दीड हजारांची असते, कारण एवढी रक्कम माणूस कोणाला न विचारता भरतो. ती भरली की जीएसटी, मग आयकराचे ना-हरकत पत्र, मग पैसे घेऊन निघालेल्या गाडीचा विमा. प्रत्येक मागणी आधीच्यापेक्षा मोठी असते, आणि आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. काही जण क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" असे सांगतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला, की तुमच्या खात्यातून पैसे जाणार हे पक्के समजा.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरपणे कळवले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कोणते शुल्क वा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने तसे करण्याचा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता नोटांकडे. ट्रॅक्टरची पाचची नोट अफाट संख्येने छापली गेली आहे. १९८० च्या सुमारास ट्रॅक्टर आला आणि गांधी मालिकेतल्या पाचच्या नोटेवरही राहिला. ज्या नोटेचे गठ्ठे घरोघरी आहेत तिला लाख कोण देणार?

दोनच्या वाघाचेही तसेच. एक बारकावा पाहून ठेवा, दोनच्या सगळ्या जुन्या नोटांवर वाघ नसतो. काहींच्या पाठीवर आर्यभट्ट उपग्रह आहे. वाघाची नोट वापरलेली आणि घड्या पडलेली असेल, तर तिची किंमत चहा-नाश्त्याच्या पलीकडे सहसा जात नाही. कोरी असेल तर थोडी बरी.

शंभरची हत्तीची मात्र वेगळी काढून ठेवा. स्वातंत्र्यानंतरच्या अशोकस्तंभाच्या पहिल्या मोठ्या नोटांपैकी ती आहे. पुढे त्या जागी हिराकूड धरण आले. तिला संग्राहकांकडून दर्शनी किमतीपेक्षा चांगले पैसे मिळतात, पण किती ते सर्वस्वी नोटेच्या अवस्थेवर.

अवस्था घरीच तपासता येते. खिडकीजवळ नोट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा, म्हणजे उजेड तिच्या अंगावरून घसरत जाईल. मधली घडी सरळ पाहताना दिसली नाही तरी अशा तिरप्या उजेडात उठून दिसते. एकही घडी नाही, चारही कोपरे टोकदार, कागद कडक आणि कुरकुरीत, अशी नोट कोरी. मधे एकच हलकी घडी असली तरी किंमत बरीच उतरते. कोपरे गोल झाले, घडीवर शाई उडाली, की ती साधी नोट. डाव्या बाजूला टाचणीची भोके दिसली तर घाबरू नका. पूर्वी बँका गड्ड्या टाचूनच देत, त्यामुळे कोऱ्या नोटांनाही भोके असतात आणि भारतीय नोटा जमवणारे ती चालवून घेतात.

त्यानंतर सही पाहतात. एकाच चित्राची नोट वेगवेगळ्या गव्हर्नरांच्या सहीने निघते, आणि ज्यांचा कार्यकाळ छोटा त्यांच्या सहीच्या नोटा कमी. बी. एन. अडारकर १९७० मध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते. त्यांची सही असलेल्या गांधी शताब्दीच्या नोटा म्हणूनच शोधल्या जातात. दहाच्या वाघ-हत्तीच्या नोटेवर सी. रंगराजन यांच्यापासून ऊर्जित पटेलांपर्यंत सह्या आहेत. सहा सह्यांच्या सहा कोऱ्या नोटा जमवणे हा कमी खर्चाचा, चांगला छंद आहे.

क्रमांकात अक्षरे आणि आकडे यांच्यामध्ये तारा छापलेला असेल तर ती नोट वेगळी ठेवा. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घालायची ही बदली नोट. दहा, वीस आणि पन्नासमध्ये ही सोय २००६ मध्ये सुरू झाली. शेवटी ७८६ येणाऱ्या क्रमांकालाही हौसेचे गिऱ्हाईक मिळते, पण त्याचा भाव ठरलेला नसतो.

विकायचेच असेल तर नागपूरला नाणी-नोटांचे प्रदर्शन भरते तेव्हा जा. किमान दोन विक्रेत्यांना दाखवा. आधी आपण भाव बोलू नका आणि "पाहून कळवतो" म्हणणाऱ्याकडे नोट ठेवून येऊ नका.

नोटा टिनाच्या पेटीत होत्या. काही एकमेकींना चिकटल्या आहेत, काहींना कसर लागली आहे. मुलगा म्हणतो लॅमिनेशन करून टाकू. करावे का?
(मोर्शी, जि. अमरावती)

लॅमिनेशन म्हणजे नोटेचा शेवट. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत उतरते आणि पुन्हा निघत नाही. अशी नोट संग्राहक घेत नाही. सेलोटेप, डिंक, इस्त्री, साबणाचे पाणी यांतले काहीही नोटेला लावू नका. इस्त्रीने घडी दडते पण कागदाचा कडकपणा मरतो, आणि जाणकाराला ते हात लावताच कळते.

चिकटलेल्या नोटा ओढून सोडवू नका. ओढलेल्या ठिकाणी वरची शाई खालच्या नोटेवर राहते आणि दोन्ही वाया जातात. आपल्या नोटांचा कागद कापसाचा आहे, त्यामुळे ओलावा हळूहळू दिला तर तो सोसतो. घट्ट झाकणाचा पसरट डबा घ्या. तळाशी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके ठेवा. त्यावर दोन-तीन वाट्या उपड्या घालून जाळी ठेवा आणि जाळीवर नोटांचा गठ्ठा. नोटेला पाणी लागता कामा नये, फक्त दमट हवा लागली पाहिजे. झाकण लावून सहा तासांनी पाहा. कोपरा आपोआप सुटू लागला असेल तर पोस्टकार्डाची कड आत सरकवत अलगद मोकळी करा. अडले तर परत डब्यात. डब्यात तशाच विसरून गेलात तर मात्र बुरशी भेटेल.

सुटलेली नोट दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तक ठेवा. तासाभराने टीपकागद बदला, नंतर दिवसभर तसेच राहू द्या. उन्हात वाळवायला ठेवू नका. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. तिथे कागद ठिसूळ होतो, शाई फिकी पडते.

कसरीसाठी आधी नोटा आणि पेटी वेगळी करा. पेटी रिकामी करून पुसा आणि दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. ऊन पेटीला दाखवायचे, नोटांना नाही! नोटांवर किडे किंवा बुरशी असेल तर अंगणात, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. कडुनिंबाचा पाला नोटांत घालायची आपल्याकडची सवय धान्याला ठीक, नोटेला नाही. पाल्याचा ओलावा आणि हिरवा डाग दोन्ही कागदात उतरतात. वर्तमानपत्रात गुंडाळणेही नको, तो कागद आम्लाने पिवळा पडतो आणि शेजारच्या नोटेलाही पिवळी करतो.

ठेवायचे कसे? प्रत्येक नोट वेगळ्या पारदर्शक पाकिटात, घडी न घालता. पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. मऊ, ताणले जाणारे, नव्या रेनकोटसारखा वास येणारे प्लास्टिक पीव्हीसीचे असते. दोन-चार वर्षांत ते चिकट होते आणि नोटेला धरते. चिकटलेल्या नोटांची बरीच प्रकरणे अशा स्वस्त अल्बममुळे होतात. पाकिटे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि सोबत पन्नास ग्रॅम सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारे घ्या. निळे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ते ओले झाले. मग मंद आचेच्या तव्यावर परतून पुन्हा कोरडे करता येते. आपल्याकडे आषाढ ते भाद्रपद ते दोनदा तरी परतावे लागते, उन्हाळ्यात गरज नाही. डांबरगोळ्या घालायच्याच तर डब्याबाहेर, पेटीच्या कोपऱ्यात, फडक्यात बांधून. वाफेने काही प्लास्टिके मऊ होतात.

उंदरांनी दहाच्या नोटा कुरतडल्या. बँकेतले म्हणाले, अर्ध्याहून जास्त असेल तर देऊ. अर्धी कशी मोजायची? उंदीर काही सरळ रेषेत खात नाही.
(लाखनी, जि. भंडारा)

चौकटीच्या वहीने मोजता येते. एक सेंटिमीटर चौकटीचा आलेख-कागद घ्या. नोटेचा उरलेला सर्वांत मोठा सलग तुकडा त्यावर ठेवून पेन्सिलीने कड आखा. पूर्ण चौकटी मोजा. अर्ध्याहून मोठे तुकडे एक धरा आणि लहान सोडून द्या. वाघ-हत्तीची नोट १३७ बाय ६३ मिलिमीटर, म्हणजे साधारण ८६ चौरस सेंटिमीटर. सलग तुकडा किमान ४४ चौकटींचा हवा. कोणार्कची नोट १२३ बाय ६३, म्हणजे साधारण ७८. तिला ३९ पुरतात.

वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला नियम असा आहे. एक सलग तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, नाही तर काहीच नाही. पन्नास आणि त्यापुढे वेगळे. सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली शून्य. म्हणून दोन फाटके तुकडे टेपने जोडून क्षेत्रफळ वाढवण्याचा उद्योग करू नका. मुद्दाम कापलेली किंवा जुळवलेली नोट नाकारता येते.

अशी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, त्यासाठी खाते लागत नाही. नोट जळून काळी पडली असेल किंवा हात लावताच चुरा होत असेल तर शाखा घेत नाही. ती चुऱ्यासकट डब्यात ठेवून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्यावी लागते. आपल्यासाठी ते नागपूरला आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत "देशोदेशीच्या नोटांवरचे प्राणी" असा तक्ता करायचा आहे. कोणते देश घ्यावेत? नोटांच्या रंगीत झेरॉक्स लावल्या तर चालतील का?
(अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

झेरॉक्सचा प्रश्न आधी. नोटेसारखी हुबेहूब दिसणारी प्रत तयार करणे हा गुन्हा आहे, हेतू शाळेचा असला तरी. फक्त प्राण्याचे चित्र मोठे करून लावा, किंवा मुलांकडून काढून घ्या आणि खाली देश व किंमत लिहा. त्याने मुले जनावर नीट पाहतातही.

देश थोडे घ्या आणि आपल्या मुलांना ओळखीच्या जनावरांपासून सुरुवात करा. त्या दृष्टीने नेपाळ सर्वांत चांगला. पाचवर याक, दहावर काळवीट, वीसवर बारशिंगा, पन्नासवर हिमबिबट्या, शंभरवर एकशिंगी गेंडा, पाचशेवर पाण्याशी आलेले वाघ आणि हजारवर हत्ती. बारशिंगा तुमच्यापासून फार लांब नाही, कान्ह्यात आहे, आणि मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. काळवीट मुलांना दाखवावे लागणार नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या नोटा तक्त्यात हव्यातच. दहा रँडवर गेंडा, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, शंभरवर रानरेडा आणि दोनशेवर बिबट्या. शिकाऱ्यांच्या काळापासून आफ्रिकेत ज्यांना "मोठे पाच" म्हणतात तेच हे. २०१२ पासून या नोटांच्या दर्शनी बाजूला नेल्सन मंडेला आहेत आणि प्राणी पाठीमागे गेले. २०२३ च्या नव्या नोटांवर हेच पाच प्राणी पिल्लांसह दाखवले आहेत.

तक्त्याची खरी मजा इथे आहे, ती वगळू नका. आपल्या दहाच्या नोटेवरचा गेंडा आणि दहा रँडवरचा गेंडा शेजारी लावा आणि मुलांना शिंगे मोजायला सांगा. आपल्या गेंड्याला एक, आफ्रिकेच्या गेंड्याला दोन. आपल्या गेंड्याच्या कातडीला चिलखतासारख्या घड्या असतात, तिकडच्याला नाहीत. मग हत्ती. आफ्रिकी हत्तीचे कान सुपाएवढे, खांदा झाकणारे. आपल्याकडच्याचे लहान आणि कपाळाला दोन उंचवटे. गडचिरोलीत कमलापूरच्या कॅम्पमध्ये हत्ती पाहिलेली मुले हा फरक न सांगता ओळखतात.

शंभर रँडवरच्या जनावराला गवा लिहू नका. आपल्या ताडोब्यातला गवा वेगळा आणि गडचिरोलीतल्या कोलामार्कातली रानम्हैसही वेगळी. आफ्रिकी रानरेड्याची शिंगे कपाळावर मुळाशी एकत्र येऊन टोपीसारखी जाड होतात. नोटेवर ते स्पष्ट दिसते. दोनशे रँडचा बिबट्याही अनेक तक्त्यांत "चित्ता" म्हणून लागतो. डोळ्यापासून तोंडाकडे उतरणारी काळी रेघ दिसली तरच चित्ता. ठिपके पोकळ, फुलासारखे असतील तर बिबट.

एक दूरचा देश म्हणून ब्राझील घ्या. दोन रियालवर समुद्री कासव, पाचवर बगळा, दहावर मकाव पोपट, वीसवर सोनेरी माकड, पन्नासवर जॅग्वार, शंभरवर मासा आणि २०२० मध्ये आलेल्या दोनशेवर लांब पायांचा, आयाळ असलेला लांडगा. शक्य असेल तर बेलारूसही टाका. १९९२ च्या त्यांच्या नोटांवर खार, बीव्हर, लांडगा, अस्वल आणि एक रुबलवर ससा होता. त्या सशावरून लोक रुबललाच "झाइचिक", म्हणजे छोटा ससा, म्हणू लागले. नामिबियाच्या पाचही मुख्य नोटांवर हरणांच्या कुळातलीच जनावरे आहेत. मुलांना ती सगळी सारखीच वाटतील, म्हणून ती सोडली तरी चालेल.

आपल्या नोटांवर वाघ पहिल्यांदा कधी आला? आणि रोही, अस्वल, शेकरू का नाहीत?
(धारणी, जि. अमरावती)

वाघ स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये नोटा काढायला सुरुवात केली. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या शंभरच्या नोटेच्या पाठीवर वाघ होता. पुढे दोनच्या नोटेवर आला. तो राष्ट्रीय प्राणी झाला १९७० च्या दशकात. त्याआधी तो मान सिंहाकडे होता, म्हणजे नोटेने वाघाला सरकारच्या आधी ओळखले. पाचच्या जुन्या नोटेवर हरणे होती, आणि १९८० च्या सुमाराच्या दहाच्या नोटेवर मोर.

रोही, अस्वल किंवा आपला राज्यप्राणी शेकरू भारतीय नोटेवर आलेले नाहीत. २०१६ नंतरच्या नोटांच्या पाठीवर मुख्यतः वास्तू आहेत, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर राणीची वाव, दोनशेवर सांची. जनावरांना तिथे जागा उरली नाही, याची हळहळ आम्हालाही वाटते.

मग आता नव्या नोटांवर एकही जनावर नाही?
(याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

आहेत, भिंग लागेल. दर्शनी बाजूचा अशोकस्तंभ पाहा. जुन्या मालिकेत तो डावीकडे खाली होता, नव्यात उजवीकडे आहे. वर चार सिंह असतात, चित्रात तीनच दिसतात, चौथा मागे. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर मधोमध चक्र आहे. चक्राच्या उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा. सारनाथच्या मूळ स्तंभावर त्याच पट्टीच्या न दिसणाऱ्या बाजूंना एक हत्ती आणि आणखी एक सिंहही कोरलेला आहे. दहाच्या नोटेवर बैल सापडायला वेळ लागतो. आधी पाचशेच्या नोटेवर शोधा, म्हणजे नजर बसेल.